पद्मिनीत कोणतं ऑइल घालू? आधी पट्टी हुंगून बघ

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या वाड्याच्या चौकात तीन वर्षं उभी होती. नातीनं ती दिवाळीत सुरू केली. ऑइलच्या दुकानात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ‘सगळ्यात भारी’ म्हणून दिलं, ते घातलं. मिस्तरी म्हणतो ४० नंबरचं साधं घाला. मुंबईच्या मामांनी ऑइलात मिसळायची झिंकची बाटली पाठवली आहे. गाडी गरम झाली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो, उभ्या जागी फरशीवर थेंब पडतात. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: ‘काका, एक मात्र बरं आहे, दोन महिने झाले तरी ऑइल अजिबात खात नाही, उलट पट्टीवर थोडं वरच दिसतं.’

तुझ्या सगळ्या प्रश्नात मला घाबरवणारं वाक्य हेच शेवटचं आहे. ऑइल घटतं, फार तर जागच्या जागी राहतं. विहिरीला झरा असतो, चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, नसतो. पट्टीवर, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईवर, पातळी चढली याचा अर्थ आत दुसरं काहीतरी येतंय, आणि ते दोनच गोष्टींपैकी एक असतं: पाणी किंवा पेट्रोल. तेव्हा कोणता डबा घ्यायचा हे नंतर. आधी गाडी चालवणं थांबव आणि उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, एवढं कर.

गाडी सपाट जागी असू दे. पट्टी काढ, जुन्या मलमलच्या फडक्यानं पूस, पुन्हा पूर्ण आत घाल, काढ. गॅरेजातल्या कॉटन वेस्टच्या सुतळीनं पुसू नकोस, तिचा धागा पट्टीबरोबर आत जातो. आता पट्टी नाकाशी धर. पेट्रोलचा वास लपत नाही, तुझ्यासारख्या नवख्या नाकालाही येईल. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाक आणि चहा होईपर्यंत थांब. चांगल्या ऑइलचा डाग गोळा राहतो, कडा हळूहळू पसरते. पेट्रोल मिसळलेला थेंब लगेच ऐसपैस पसरतो आणि त्याभोवती फिकट, पारदर्शक कडं धरतं. पाणी असेल तर ऑइलचा रंगच सांगतो, आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट लोणी साचलेलं दिसतं.

माझी पैज पेट्रोलवर आहे. कारण सांगतो. पद्मिनीला पेट्रोलचा पंप इंजिनच्या कुशीला लावलेला असतो, आमच्यात त्याला एसी पंप म्हणतात. एअर कंडिशनिंगशी त्याचा संबंध नाही, एका जुन्या कंपनीच्या नावावरून पडलेलं नाव आहे. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा इंजिनातला फिरता शाफ्ट, पंपाचा दांडा हलवतो आणि आतला रबरी पडदा वर-खाली होऊन टाकीतलं पेट्रोल ओढतो. या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला थेट इंजिनचं पोट. तीन वर्षं उभी राहिलेल्या गाडीत हा पडदा वाळून कडक झालेला असतो. त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलवालं. १९८२च्या रबरानं इथेनॉल कधी पाहिलेलं नाही, ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, पडदा फाटला की पेट्रोल त्यातून बाहेर टपकावं आणि मालकाला कळावं म्हणून ठेवलेलं. चाळीस वर्षांच्या चिखलानं ते भोक बुजलेलं असतं. मग पेट्रोल जातं सरळ चेंबरमध्ये.

आता तुझी बाकीची लक्षणं याच्याशी जोडून बघ. आधीच पातळ असलेलं ५डब्ल्यू-३०, त्यात पेट्रोल. असं पाणचट ऑइल सिग्नलला उभं राहिल्यावर दाब धरणारच नाही, लाल दिवा मिचमिचणारच. फरशीवरच्या थेंबांनाही हेच कारण. तीन वेगळ्या तक्रारी नाहीत या, एकच आहे. आणि बेअरिंग खाण्यापलीकडे दुसराही धोका आहे, चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठणं ही थट्टा नव्हे. म्हणून म्हटलं, चालवू नकोस.

चोकचंही एक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी ती ओढायची मूठ. थंडीत चोक पूर्ण ओढून गाडी दहा मिनिटं तशीच गुरगुरत ठेवायची सवय आजोबांच्या पिढीला होती. त्यानंही जास्तीचं पेट्रोल बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंती धुऊन खाली उतरतं. बडोद्याच्या थंडीला अर्धा चोक आणि दोन मिनिटं पुरे.

पेट्रोलचा वास नसेल आणि ऑइल दुधाळ असेल तर मामला पाण्याचा. अशा वेळी पट्टीवरचा एक थेंब तापलेल्या जुन्या पत्र्यावर टाकला की मोहरीसारखा तडतडतो. पण वास अजिबात नसेल तरच हे करायचं, पेट्रोल असताना आगीजवळ जायचं नाही. पाणी बहुतेक वेळा हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनच्या माथ्याखालच्या पॅकिंगमधून, येतं. आपल्या गावात मात्र ते विश्वामित्री नदीतूनही येतं. ऑगस्ट २०२४च्या पुरात समा भागातली एक अॅम्बेसेडर बॉनेटपर्यंत बुडाली होती. मालकानं पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून चावी फिरवली. तीच एक गोष्ट करायची नव्हती. माझ्याकडे आली तेव्हा चेंबरचा बोल्ट सैल केला, तर आधी दोन मगभर स्वच्छ पाणी आलं, मग कडक चहात साय ढवळावी तसं काहीतरी घट्ट घट्ट बाहेर पडलं. चेंबर उतरवून धुतलं, ऑइल आणि फिल्टर तीनदा बदलले: पहिलं पाच मिनिटं चालवून, दुसरं गल्लीत एक फेरी मारून, तिसरं शंभर किलोमीटरनंतर. तिसऱ्या वेळी रंग खरा आला. अशा कामाला सगळ्यात स्वस्त मिनरल, म्हणजे साधं खनिज, ऑइल वापरायचं, त्याचं काम धुण्याचं असतं.

बरं, धुण्यावरून माझं एक पाप सांगतो. १९९३ साली मी प्रतापनगरला नवीन गॅरेज टाकलेलं. रावपुऱ्यातल्या एका वकीलसाहेबांची अॅम्बेसेडर आली, ऑइल डांबरासारखं काळं. तेव्हा सगळेच करायचे तसं मी जुनं ऑइल काढून डिझेल भरलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं, काढलं, नवं ऑइल भरलं. इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं, मी खूश. चार दिवसांनी पादऱ्याच्या रस्त्यावरून निरोप आला. आतला वर्षानुवर्षांचा गाळ डिझेलनं सुटला, पण बाहेर पडला नाही. तो ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसला, जाळी चोंदली, वर ऑइल पोचेना, बेअरिंग गेलं. ठोक्याचा आवाज मी फोनवर ऐकला. वकीलसाहेब एक शब्द वावगं बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘आधीच्या कामाची पावती द्या.’ ती क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता शाफ्ट, मी माझ्या खर्चानं ग्राइंड करून दिली. तेव्हापासून डिझेलनं किंवा रॉकेलनं इंजिन धुवायचं नाही, आणि बाटलीतला ‘फ्लश’ही नाही. गाळ काढायचा तर चेंबर उतरवून खरवडायचा. तुझी गाडी तीन वर्षं उभी होती, तेव्हा पंपाचं काम करताना चेंबर उतरवून जाळी धुऊन घे. पॅकिंग नवं लागेल, दिवसभराचं काम आहे, पण आत काय आहे ते डोळ्यांनी दिसेल.

आता नंबरांकडे येऊ.

पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन हे मुळात इटलीच्या फियाट ११००चं, पुश रॉडचं, जुन्या मापाचं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात दीड-दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट, चाळीस वर्षांनी तीही वाढलेली. या फटीत ऑइलचा थर टिकला तर धातूला धातू लागत नाही. डब्यावरचा दुसरा आकडा याच थराबद्दल बोलतो: इंजिन तापल्यावर, १०० अंशाला ऑइल किती दाट राहतं. ३० नंबरचं ऑइल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्समध्ये (हे दाटपणाचं माप) असावं लागतं, ५० नंबरचं १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट दाट. आजच्या गाड्यांची मापं बारीक, पंप वेगळे, त्यांना पातळ ऑइल लागतं आणि मायलेजही मिळतं. तुझ्या दुकानदारानं खोटं सांगितलं नाही, त्याच्या दारात दिवसभर ज्या गाड्या येतात त्यांच्यासाठी ते भारीच आहे.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशाला घेतात, १५डब्ल्यूची उणे २०ला. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास गेला की आपण कानटोप्या शोधतो. उणेचं काय घेऊन बसलीस! तेव्हा पहिल्या आकड्याच्या मागे लागून ५डब्ल्यूचे पैसे देण्यात आपल्याला काही मिळत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांत मांडवीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते, तेव्हा खरी परीक्षा दुसऱ्या आकड्याची असते.

तुझे मिस्तरी ४० नंबरचं म्हणतात, तेही चूक नाही. त्यांनी ज्या काळात हात काळे केले तेव्हा हेच मिळायचं, उन्हाळ्यात ४०, हिवाळ्यात ३०. एकाच नंबरच्या ऑइलला मोनोग्रेड म्हणतात. ते थंडीत दाट आणि गरमीत पातळ, साजूक तुपासारखं, ऋतू बघून वागतं. दोन आकड्यांच्या मल्टिग्रेडमध्ये लांबलचक रेणूंचं एक द्रव्य घालतात. थंडीत हे रेणू गुंडी करून बसतात, तापले की पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. त्यामुळे २०डब्ल्यू-५० सकाळी वीस नंबरसारखं पटकन वर चढतं आणि दुपारी पन्नाससारखं टिकतं. इंजिन सर्वात जास्त झिजतं ते चावी फिरवल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत, आणि तुझी गाडी तर आठ-आठ दिवस उभी राहणार, सगळं ऑइल खाली निथळलेलं असणार. म्हणून मोनोग्रेडपेक्षा मल्टिग्रेड. या रेणूंचा एक दोष आहे, गिअरच्या दातांत आणि बेअरिंगच्या दाबात ते तुटतात, जुनं झालेलं वीस-पन्नास हळूहळू वीस-चाळीस होतं. त्यावर उपाय वेळेवर बदलणं, दुसरा नाही.

मिस्तरी लोक दोन बोटांत ऑइल चोळून ‘तार’ बघतात, एकतारी पाक बघावा तशी. बघू दे, मीही बघतो, हाताला सवय आहे. पण बोटं ३५ अंशांची असतात आणि बेअरिंग शंभरच्या वर. बोटांना सारखी वाटणारी दोन ऑइलं आत वेगळी वागतात. बोटांनी कळतं ते कण लागतात का, आणि चिकटपणा पार गेलाय का, एवढंच.

म्हणून तुझ्या गाडीला माझं उत्तर: चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५०, मिनरल, डब्यावर एपीआय (ऑइलचा दर्जा सांगणारी अमेरिकी खूण) एसएल किंवा त्याच्या पुढचं अक्षर. तुझी गाडी बनली तेव्हा एसएफ हा दर्जा सर्वात वरचा होता. त्यानंतर एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी चढती भाजणी आहे. ‘एस’ पेट्रोलच्या इंजिनांसाठी, ‘सी’ डिझेलच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं किंवा एसए, एसबी लिहिलेलं स्वस्त ऑइल मिळालं तर ते दाराच्या बिजागरीला घाल. कारच्या दुकानात वीस-पन्नास नसेल तर बुलेटवाल्यांकडे बघ, जुन्या बुलेटला हेच लागतं म्हणून ते ठेवतात. त्या डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ओल्या क्लचला चालणारं. तुझ्या क्लचचा ऑइलशी संबंध नाही, पण त्यानं नुकसानही नाही.

आणि १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल? ट्रॅक्टर-ट्रकवाले पद्मिनीत सर्रास घालायचे, अजून घालतात. डब्यावर ‘सी’बरोबर ‘एस’चाही दर्जा छापलेला असेल तर चालतं, थंडीच्या चार महिन्यांत उत्तमच. पण त्यात साफ करणारी द्रव्यं जास्त, राखही जास्त. ऑइल खाणाऱ्या इंजिनात प्लगवर त्याची पांढरट पुटं चढतात. तू आत्ताच गाडी सुरू केलीस, अजून पिस्टनच्या रिंगांची तब्येत कळायची आहे. म्हणून सध्या नको.

मामांच्या बाटलीविषयी जरा सविस्तर, कारण यावर घबराट फार आहे आणि बहुतेक परदेशी आहे.

ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात, झेडडीडीपी. कॅमचं (कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचं) टोक टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या ठोकळ्याला, रेटतं तिथे ऑइलचा थर पिळून निघतो, धातू धातूला टेकतोच. त्या दाबानं आणि उष्णतेनं या संयुगाचा काचेसारखा पातळ लेप धातूवर बसतो. झिजायचा असतो तो लेप, कॅम नव्हे. पद्मिनीचे टॅपेट सपाट तळाचे आहेत, रोलर नाही, म्हणून हा लेप तिला लागतोच. पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि फॉस्फरस त्याला विषासारखा लागतो. म्हणून नव्या दर्जांत फॉस्फरसवर मर्यादा आली, एसएमपासून ०.०८ टक्के. अमेरिकेत मोठाल्या, आठ सिलिंडरच्या व्ही-आठ इंजिनांचे कॅम घासले जाऊ लागले, त्यात कडक स्प्रिंगा आणि उंच कॅम, आणि तिथून ‘नव्या ऑइलनं जुनी गाडी मरते’ ही ओरड सुरू झाली.

आता यातली मेख ऐक. ती मर्यादा पातळ ऑइलांना आहे, ३० नंबर आणि त्याच्या खालच्यांना. २०डब्ल्यू-५०ला ती लागूच नाही. म्हणजे दुकानदारानं दिलेल्या ५डब्ल्यू-३०मध्ये झिंक खरंच कमी असणार, आणि योग्य नंबरचं ऑइल घेतलंस तर ते आपोआप पुरेसं मिळतं. शिवाय पद्मिनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा मवाळ आहेत, व्ही-आठशी तिची तुलना म्हणजे सायकलला ट्रकचे ब्रेक. बाटली ओतून झिंक दुप्पट केलंस तर फायदा दुप्पट होत नाही, एका मर्यादेपलीकडे तेच संयुग धातू खायला लागतं. मामांना कळू देऊ नकोस, बाटली ठेवून दे. कधी इंजिन खोलून नवा कॅम-टॅपेट बसवलास तर पहिल्या वीस मिनिटांसाठी उपयोगी पडेल. तेव्हा इंजिन मंद गुरगुरत ठेवायचं नसतं, सुरू झाल्याबरोबर दीड-दोन हजारावर धरायचं, म्हणजे कॅमवर ऑइल उडतं, टॅपेट आपल्याभोवती फिरायला लागतो आणि दोघं एकमेकांत बसतात.

तुला अजून कुणीतरी एरंडेल सुचवेल. हसू नकोस, मला दर वर्षी एक तरी सुचवणारा भेटतो. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव कॅस्टरवरून, म्हणजे एरंडेलावरूनच आलं हे खरं. शंभर वर्षांपूर्वी विमानांच्या आणि शर्यतीच्या इंजिनांत ते वापरायचे हेही खरं. आणि एरंडीत आपलं गुजरात देशात पहिलं, तेव्हा अभिमानही साहजिक. पण एरंडेल मिनरल ऑइलमध्ये मिसळत नाही आणि उभ्या इंजिनात त्याचा डिंक होतो. रविवारी वाड्याच्या चौकात चार काका जमून यावर जे बोलतील त्याला आपल्याकडे नाव आधीच आहे, एरंडाचं गुऱ्हाळ.

सिंथेटिकविषयी एक गैरसमज काढून टाक, ते जुने सील खातं असा. सुरुवातीच्या काळातल्या काही ऑइलांनी सील बिघडवले होते, आजची तशी नाहीत. होतं असं की जुन्या गाळानंच बुजलेल्या फटी चांगलं ऑइल साफ करतं आणि मग गळती उघडी पडते. तुझ्या इंजिनाचं काम झालं, दहा हजार किलोमीटर नीट चालली, की सिंथेटिक वीस-पन्नास घालायला माझी हरकत नाही. आत्ता दोनदा बदलून फेकायच्या ऑइलला सिंथेटिकचे पैसे कशाला?

गळतीचं बोलायचं तर अॅम्बेसेडरवाल्यांपेक्षा तू सुखी आहेस. तिच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात मागच्या मेन बेअरिंगला रबरी सीलच नाही. क्रँकशाफ्टवर उलटा आटा कापलेला आहे, तो फिरताना ऑइल परत आत ढकलतो. गाडी उभी राहिली की आटाही उभा, मग दोन थेंब पडणारच. अशा इंजिनात पातळ ऑइल म्हणजे अंगणात रोज रांगोळी. काहींना वाटतं काहीतरी बिघडलंय, गॅस्केटवर गॅस्केट बदलत बसतात. पद्मिनीचे थेंब बहुतेक चेंबरच्या पॅकिंगमधून किंवा टॅपेट कव्हरमधून असतात, चेंबर उतरवशील तेव्हा निम्मे थांबतील.

जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तिथे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांभोवती हाच विषय चालला होता. त्या गाड्यांचा हिशेब वेगळा. कित्येकांना आजच्यासारखा ऑइल फिल्टरच नाही. आजच्या ऑइलातली साफ करणारी द्रव्यं घाण तरंगत ठेवतात, कारण पुढे फिल्टर तिला पकडणार असतो. फिल्टरच नसेल तर घाण तळाशी बसलेली बरी. म्हणून तिथे साधं मोनोग्रेड आणि वरचेवर बदल. त्यांचं ऐकून तू मोनोग्रेडकडे वळू नकोस, एवढ्यासाठी सांगितलं.

दिव्याचं राहिलं. पद्मिनीत दाबाचा काटा नाही, दिवा आहे, आणि दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. पंप दुरुस्त करून, नवं वीस-पन्नास भरून, गाडी अर्धा तास फिरवल्यावरही सिग्नलला मिचमिच राहिली तर ऑइल आणखी दाट करायच्या फंदात पडू नकोस. ६० नंबर, मधासारखं घट्ट टॉनिक, गिअर ऑइलची भेसळ, हे सगळं गाडी विकताना करतात, ठेवताना नाही. दिव्याचं सेन्सर काढून त्या जागी कामचलाऊ काट्याचं मीटर लावायला सांग, कुठल्याही जुन्या गॅरेजात असतं. गरम इंजिनाला मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पौंड दाब हवा, हा जुना अंदाज अजून कामाला येतो. मीटरवर बरा दाब आणि तरी दिवा लागतो, तर सेन्सर खराब, स्वस्तात सुटलीस. तिथेही कमीच, तर दाबाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग, मग ऑइल पंप, मग बेअरिंग, या क्रमानं बघायचं. बेअरिंग निघाली तर हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून अर्धी मोठी दुरुस्ती, करावं लागेल. तेव्हा पुन्हा लिही.

बदलायचं कधी? पहिलं भरलेलं ५०० किलोमीटरवर काढ, काळं दिसलं तर घाबरू नकोस, ते काम करतंय. त्यानंतर दर ३००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. तुझ्या बाबतीत वर्षच आधी येईल. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. पावसात या गाड्या उभ्या असतात, आणि जुन्या ऑइलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहण्यापेक्षा नवं ऑइल बसलेलं बरं. फिल्टर प्रत्येक वेळी. आणि गाडी नुसती चालू करून पाच मिनिटांत बंद करू नकोस, त्यानं आत दव धरतं. बाहेर काढलीस तर कमाटी बागेला दोन फेऱ्या तरी मार, अर्धा तास होऊ दे.

डबा सीलबंद घे, पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या विक्रेत्याकडून. मी एकदा एका ओळखीच्या दुकानातून स्वस्त पडलं म्हणून पेटी उचलली, बुचाखालचं सील हाताला लागलं तर गोंदानं पुन्हा चिकटवलेलं. आत रंगवलेलं जुनं ऑइल. रिकामे डबे भंगारात देताना मी तेव्हापासून भोक पाडून देतो, तूही दे. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, माझ्याकडे आणून टाक, गोळा करणारे येतात.

गिअरबॉक्सचं तू विचारलं नाहीस, पण कुणी ‘तेही बदलून टाकू’ म्हणेल. बदल, मात्र जीएल-४ हा गिअर ऑइलचा दर्जा लिहिलेलं घे. जीएल-५मधलं गंधक काही वेळा पितळेच्या सिंक्रो रिंगांना (गिअर न खरखरता पडावा म्हणून असतात त्या) बाधतं, आणि त्या आता शोधून मिळत नाहीत.

पंपाचं किट घेताना जुना पडदा बरोबर ने आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा माग, दुकानदार साधा पुढे करेल. पंप उतरवायच्या आधी बॅटरीची तार सुटी कर आणि टाकीकडून येणारी नळी बोल्टनं बुजव. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड ठोकळा आणि दोन कागदी पॅकिंग असतील, ती फेकू नकोस, जाडी मोजून ठेव. नवी पॅकिंग जाड बसली तर दांडा पडद्यापर्यंत नीट पोचत नाही, पेट्रोल कमी येतं, आणि मग दोन दिवस तू कार्ब्युरेटरला दोष देत बसशील.